आजोबांची रुमी टोपी

१७ सप्टेंबर, अंबाजोगाई

सकाळी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं. दुपारी युसूफ नबीलची छायाचित्रं बघत बसले. १९७२ साली कैरोत जन्मलेला हा माणूस फोटो कृष्णधवल काढतो आणि प्रिंटवर स्वतः हातानं रंग चढवतो. जुन्या इजिप्शियन सिनेमांवर तो वाढला, रंगवायचं काम तिथल्या फोटो स्टुडिओंतल्या जुन्या कारागिरांकडून शिकला. २००३ मध्ये त्यानं देश सोडला. त्यानं काढलेले स्वतःचे फोटो मनातून जात नाहीत. बऱ्याच फोटोंत तो पाठमोरा. एकात झाडाच्या उघड्या मुळांत निजलाय, आणि रंग इतके हलके की हे घडलं की स्वप्नात दिसलं, सांगता येत नाही.

आमच्या बैठकीत आजोबांचा असाच रंगवलेला फोटो आहे. शेरवानी, लाल रुमी टोपी, गाल गुलाबी. मागं त्यांच्या हातची उर्दू ओळ: त्यांचं नाव आणि 'मोमिनाबाद'. निजामाच्या राज्यात अंबाजोगाईचं नाव तेच होतं. घरात मराठी, शाळेत उर्दू, पहाटे गावच्या योगेश्वरी देवीचं दर्शन. सगळं एकाच माणसात. १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर त्यांनी ती टोपी घातली नाही, असं बाबा सांगतात. फोटो मात्र भिंतीवरून काढू दिला नाही.

शेरवानी रंगाऱ्यानं निळी केलीय. आत्या म्हणते काळी होती, बाबा म्हणतात बदामी. मला वाटतं रंगाऱ्यानं आजोबांना विचारलं असणार, आणि त्यांनी मनातला रंग सांगितला असणार. मग माझ्यासाठी निळीच खरी. पुढच्यांनी आपल्याला कसं आठवावं, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

चुलतभावानं परवा ॲपमधून तो फोटो 'नवा' करून आणला. शेरवानी तपकिरी, टोपी मळकी, गालांवरचा गुलाबी गायब. सगळ्यांना आवडला. मला फार राग आला. जुन्या फोटोत कानापाशी रंग रेषेबाहेर गेलाय. कापसाच्या बोळ्यानं तो चोळणाऱ्याचा हात तिथं दिसतो. नबीलच्याही एकाच फोटोच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या निघायच्या नाहीत, त्या हातामुळंच.

आता नवी प्रत बैठकीत लावायची म्हणतात. मी नाही म्हणून सांगितलंय. दिवाळीला आत्या आली की शेरवानीचं, टोपीचं, त्या स्टुडिओचं, तिला आठवेल ते सगळं लिहून घेणार आहे. काळी म्हणाली तर काळी, तसंच लिहीन.