‘दुसरी बाई पाठवते’

घरोघरी पेशंट सांभाळायला बायका पाठवणाऱ्या ब्युरोतर्फे मी काम करते, बारा तासांची ड्यूटी. त्या घरी अर्धांगवायू झालेल्या आजी होत्या. त्यांचा मुलगा घरूनच काम करायचा. आधी चावट बोलणं, मग रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर नको ते फोटो. एकदा मी आजींना खुर्चीत बसवत होते, तेव्हा त्याने मागून धरलं. माझे दोन्ही हात आजींच्या काखेत. सोडले असते तर त्या पडल्या असत्या. त्याला ते ठाऊक होतं.

ब्युरोच्या मॅडम म्हणाल्या, "तू उद्यापासून जाऊ नकोस, दुसरी बाई पाठवते." म्हणजे आता तिने सोसायचं! तिथे माझं डोकं फिरलं.

वस्तीतल्या घरकामगार संघटनेच्या ताईंनी कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा सांगितला. त्यात राहतं घरसुद्धा कामाचं ठिकाण धरलंय. ज्याच्या घरी काम, त्याच्यावरच तक्रार असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं, तेही तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात.

कचेरीत पहिल्या टेबलावर "घरातलं भांडण असेल तर पोलिसात जा" असं ऐकून घेतलं. ताईंनी कायद्याची छापील पानं पुढे सरकवली, मग योग्य खोली सापडली. अर्जाच्या सहा प्रती, पुरावे, साक्षीदारांची नावं-पत्ते. मेसेज मी पुसले नव्हते. ब्युरोने नेमणुकीचा कागद कधी दिलाच नव्हता. सोसायटीच्या गेटवरची वही कामी आली, तिच्यात माझी रोजची येण्याजाण्याची वेळ होती.

आजींच्या मुलाचं उत्तर आलं: बाई चोर आहे, पकडली म्हणून आळ घेते. ताई आधीच म्हणाल्या होत्या, हेच येणार. मागून पैशांचा निरोपही आला. समितीने स्पष्ट सांगितलं, समेट तुम्ही मागितलात तरच, आणि पैसे घेऊन तर नाहीच. मी मागितला नाही.

घोडं अडलं भलत्याच ठिकाणी. घरकामगाराच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं, तर समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे धाडायची असते. पण ही घरकामगार की नर्स? मी म्हटलं, आजींची पेज मीच शिजवायचे, त्यांचे कपडेही मीच धुवायचे. तेवढ्यावर भागलं.

आता गुन्हा नोंदलाय, खटला उभा राहायचाय. ब्युरोने शेवटचा पगार अडकवलाय, त्याचा अर्ज वेगळा. सोमवारी ताईंबरोबर जायचंय.