गाडी चालवणारीला डोंगर दिसतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मावशीपासून ऑफिसातल्या मंडळींपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "एकटी गाडी घेऊन डोंगरात जातेस, तुझं सगळं लक्ष रस्त्यावर. मग तुला दिसतं तरी काय?" भीती वाटत नाही का, हे आता फारसं कोणी विचारत नाही. पण हा प्रश्न काही संपत नाही.

खरं सांगायचं तर गाडी चालू असताना मला काही दिसत नाही, आणि दिसूही नये. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये ट्रेल रिज रोड नावाचा रस्ता आहे. तो 3,713 मीटर उंचीपर्यंत चढतो आणि त्यातला साधारण 18 किलोमीटरचा पट्टा झाडं संपतात त्याच्याही वर आहे. बऱ्याच ठिकाणी कडेला कठडाच नाही. तिथे "अगं, तिकडे बघ ना!" म्हणणारं कोणी शेजारी नसणं ही माझ्या मते मोठी सोय. गाडीत चारजण असले की तिघं खिडकीतून बघतात आणि चौथा बघण्याच्या मोहात पडतो. एकटीला बघायचं असेल तर थांबावंच लागतं. आणि थांबलं की चाकामागे बसून नाही, खाली उतरून बघायचं.

म्हणून मी दिवसाचा सगळा बेत थांब्यांवर आखते, किलोमीटरवर नाही. चढताना जुना रस्ता घेते, ओल्ड फॉल रिव्हर रोड. 1920 साली सुरू झालेला, खडीचा, फक्त वर जाणारा एकेरी रस्ता. वेगमर्यादा ताशी 15 मैल, म्हणजे 24 किलोमीटर. समोरून गाडी येणार नाही एवढी एक खात्री असली की हेअरपिन वळणांचं निम्मं दडपण उतरतं. हा रस्ता साधारण जुलै ते सप्टेंबर एवढाच उघडा असतो. उन्हाळ्यात उद्यानात शिरायला बहुतेक वेळा आधी वेळ ठरवून नोंदणी करावी लागते. ते सगळं निघायच्या आधी बघून ठेवावं, कारण आत गेल्यावर फोनला रेंज मिळेलच असं नाही आणि पेट्रोल पंप तर नाहीच.

या रस्त्याला लागायच्या आधी दगडांचा एक प्रचंड पसारा लागतो. 15 जुलै 1982 ला वरच्या लॉन लेकचा मातीचा बांध फुटला, आणि त्या लोंढ्याने हे धोंडे इथे आणून टाकले. काही धोंडे गाडीएवढे आहेत. बरेचजण इथे फोटो काढून पुढे जातात. मी धोंड्यांमधून चालत जाते आणि पाण्याने हे कसं उचललं असेल याचा विचार करत बसते. सोबत कोणी असतं तर एव्हाना "चला, उशीर होतोय" झालं असतं.

वर ट्रेल रिज रोडला पोचल्यावर मी आधी पश्चिमेला मिल्नर पासपर्यंत जाते. खिंड 3,279 मीटरवर आहे, आणि खंडाचं पाणी इथे दोन बाजूंना वाटलं जातं. एका बाजूचं पाणी पूड्र नदीतून शेवटी मिसिसिपीला मिळून मेक्सिकोच्या आखाताकडे जातं, दुसऱ्या बाजूचं कोलोरॅडो नदीला. पाटी वाचून परतू नका. रस्त्यावरून पलीकडच्या नेव्हर समर डोंगरांकडे नीट पाहिलंत तर उतारावर पट्टीने आखल्यासारखी एक आडवी रेघ दिसते. तो ग्रँड डिच, एकोणिसाव्या शतकात खणायला घेतलेला कालवा. पश्चिमेच्या वाट्याचं पाणी तो डोंगराच्या अंगाअंगाने नेऊन पूर्वेला सोडतो. निसर्गाने केलेली वाटणी माणसाने अशी सरळसोट मोडलेली इतक्या स्पष्टपणे मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. रेघ चालत्या गाडीतून सहज निसटते, थांबून शोधली तरच सापडते.

मग ट्रेल रिजवरून परतीच्या वाटेवर रॉक कट नावाचा थांबा. इथे दगडांच्या खाचांत पिका राहतो, सशाचा नातलग, मुठीएवढा, गोल कानांचा प्राणी. तो हिवाळा झोपून काढत नाही, म्हणून उन्हाळाभर गवत तोडून दगडाखाली साठवतो. आधी नुसता त्याचा तीक्ष्ण, चिरका आवाज ऐकू येतो. हलायचं नाही. बऱ्याच वेळाने दगडावर एक गवताची जुडी येते, तिला मागून कान असतात. तोंडातली काडी त्याच्यापेक्षा लांब असली तर खाचेत शिरताना ती अडते, तो मागे होतो, मान वाकडी करतो आणि पुन्हा शिरतो. हे बघायला वेळ लागतो, आणि तो वेळ दुसऱ्या कोणाकडून मागून घ्यायचा मला संकोच वाटतो. पायवाट मात्र सोडू नका. इथली गाद्यांसारखी वाढणारी रोपं इतकी सावकाश वाढतात की पायाखाली गेली तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात.

एकटीने जायचं तर एक गोष्ट खरंच जपावी लागते: चाक दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी मिळतो. डोकं ठणकायला लागलं की मी पुढचे सगळे थांबे रद्द करून खाली उतरते, तिथे वाद नाही. दुपारी विजा कडाडायला लागतात, आणि झाडंच नसलेल्या माळावर सगळ्यात उंच आपणच असतो. म्हणून उघड्यावरचं चालणं सकाळीच उरकायचं. कुठल्या रस्त्याने जाणार आणि किती वाजता बाहेर पडणार, हे घरी कोणाला तरी सांगून निघायचं.

ट्रेल रिजने पूर्वेकडे उतरताना बऱ्याच ठिकाणी दरी आपल्याच लेनच्या बाजूला येते, कारण इथे गाड्या उजवीकडून चालतात. ज्यांना ते झेपत नाही त्यांनी उलट, ट्रेल रिजनेच वर चढावं, म्हणजे बऱ्याच ठिकाणी डोंगराच्या कुशीतली लेन मिळते. उतारावर ऑटोमॅटिक गाडीसुद्धा खालच्या गिअरमध्ये टाका, नुसत्या ब्रेकवर राहू नका. ब्रेक करपल्याचा वास इथे बरेचदा येतो, आणि तो आपल्या गाडीचा नसलेला बरा. असं हळू उतरलं की मागे रांग लागते. लागू द्या. जागा दिसली की बाजूला घ्या, सगळ्यांना पुढे जाऊ द्या, आणि त्यांची शेपटी संपेपर्यंत उतरून बघून घ्या.