"काहीही चालेल, मॅडम"

मंगळवार, रात्री साडेदहा

परवा सकाळी ११ वाजता लोअर परळला मुलाखत आहे आणि हिशेबाच्या कामाची उजळणी करायची सोडून मी गेले दोन दिवस कपाटापुढे उभी आहे. काय घालून यावे असे फोनवर विचारले, तेव्हा पलीकडची मुलगी मोकळेपणाने म्हणाली, "काहीही चालेल, मॅडम, आमच्याकडे ड्रेस कोड नाही." तिने ते चांगल्या मनाने सांगितले असणार, पण ज्याची नोकरी पक्की आहे त्याला काहीही चालते, ज्याची पारख व्हायची आहे त्याला ते परवडत नाही.

मार्चमध्ये एका ठिकाणी मी नारायणपेठी साडी नेसून गेले होते. फोर्टमधल्या कचेरीत नोकरी करत असताना खळ घातलेली सुती साडी हाच आम्हां बायकांचा अलिखित गणवेश होता, त्यामुळे मुलाखतीला त्याहून बरी साडी, एवढा साधा हिशेब मी केला. समोर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, टी-शर्टातला मुलगा बसला होता. "आज घरी काही कार्यक्रम आहे का?" असे त्याने हसून विचारले, आणि पुढचे सगळे प्रश्न मला संगणक जमेल का, प्रवास झेपेल का, याच वळणाचे निघाले. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला, म्हणजे मी नोकरी सोडल्यानंतर. तो मी घरी बसून शिकले आणि डोंबिवलीतल्या दोन दुकानांची जीएसटीआर-३बी ही कराची विवरणपत्रे दर महिन्याच्या २० तारखेच्या आत भरते, हे सांगण्याची पाळीच आली नाही. साडीत काही वाईट नव्हते, पण माझ्याआधी तीच आत जाऊन काहीबाही सांगून आली होती.

सासूबाईंचे मत अजूनही साडीच्या बाजूने आहे. मुलगी म्हणते, ब्लेझर घाल. नणंदेचा ब्लेझर घालून पाहिला, तर खांदे दोन बोटे खाली उतरले, आणि जुलैच्या दमटपणात डोंबिवली ते करी रोड लेडीज डब्यात तो अंगावर ठेवणे म्हणजे मुलाखतीआधीच घामाने न्हाऊन निघणे. हातावर घेऊन जावे तर पर्स, छत्री आणि कागदपत्रांची फाइल यांत तिसरा हात कुठून आणायचा?

माझे वडील याच परळ भागात एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तोवर. आई सांगते, ते घरी आले की केसांत आणि सदऱ्यावर कापसाची बारीक कुसे असत, आणि दारातच सदरा झटकल्याशिवाय ती त्यांना आत घेत नसे. त्यांनी जिथे वारच्या वार कापड विणले, तिथे आता कोणते कापड अंगावर घालून जावे यावर मी दोन दिवस घालवते आहे, हे ऐकून ते मनापासून हसले असते.

शेवटी गडद निळा हातमागाचा कुर्ता आणि काळी सरळ पँट ठरवली. ओढणी नाही, कारण ती सावरण्यात माझे अर्धे लक्ष जाते, आणि परवा मला सगळे लक्ष विवरणपत्रांवर हवे आहे. पावसात पायांत रबरी चपला आणि बंद बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिथे स्वच्छतागृहात पाय पुसून बदलीन. कानांत नेहमीच्याच कुड्या.

कुर्ता इस्त्री करून कपाटाच्या दाराला लावला, तेव्हा दिसले की वरून तिसरे बटण सैल झाले आहे. घरात निळा दोरा नाही, काळाच ओवला आहे. सासूबाईंनी मात्र नारायणपेठीही बाहेर काढून ठेवली आहे, ऐन वेळी माझे मन बदलले तर म्हणून.