फर्स्ट बेसमागची जागा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत स्नेहसंमेलनावर आणि निकालांवर लिहिणारे पुष्कळ असतील. मी लिहिणार आहे ते सॉफ्टबॉलमध्ये बेस अंपायरने, म्हणजे बेसजवळचे (धावणाऱ्याने गाठायच्या टप्प्यांजवळचे) निर्णय देणाऱ्या पंचाने, कुठे उभं राहावं याबद्दल, कारण शाळेनं मला दिलेलं आणि अजून रोजच्या उपयोगात असलेलं ते एकच शास्त्र! ज्यांची बॅट फारशी चालत नसे त्यांना आमचे पीटीचे सर पंचगिरीला जुंपत. त्यांतलाच मी.

बेसवर रनर (धावणारा खेळाडू) नसेल तर सुरुवात फर्स्ट बेसच्या मागे 18 ते 20 फुटांवर, फाउल लाइनच्या, म्हणजे मैदानाच्या हद्दीच्या रेषेच्या, बाहेर. चेंडू जमिनीलगत इनफिल्डमध्ये, बेसजवळच्या भागात, गेला की फेअर बाजूला, म्हणजे रेषेच्या आत, सरकायचं आणि फर्स्टकडे येणाऱ्या थ्रोच्या रेषेशी काटकोन साधून बेसपासून 15 ते 18 फुटांवर थांबायचं. हो, थांबायचं. पळता पळता नजर हलते. आम्हाला वाटे, जितकं जवळ तितकं स्पष्ट. सर विचारत, "नाकाला वही लावून वाचता येतं का रे?" रनरचा पाय आधी की चेंडू, हे ठरवायचं असतं; फार जवळ गेलं की एक तर पाय दिसतो, नाही तर ग्लोव्ह. जरा लांबून बेस आणि रनर व थ्रो झेलणारा फर्स्ट बेसमन या दोघांचे पाय एका नजरेत मावतात, चेंडू ग्लोव्हमध्ये आल्याचं कान सांगतात. थ्रोसाठी ताणताना फर्स्ट बेसमनचा पाय बेसवरून सुटला का, तेही बाजूनेच कळतं.

चेंडू लांब आउटफिल्डमध्ये गेला तर मात्र डायमंडच्या, म्हणजे बेसमधल्या चौकोनाच्या, आत धाव घ्यायची, वळायचं, बॅटर-रनर (चेंडू मारून धावणारा) फर्स्टला पाय लावतो का ते बघायचं आणि सेकंडकडे त्याच्या पुढे राहायचं.

टॅगचं, म्हणजे चेंडू धरलेला ग्लोव्ह रनरला लावून बाद करण्याचं, गणित निराळं. इथे 10 ते 12 फुटांपर्यंत जवळ जायचं आणि काटकोन धरायचा तो रनरच्या वाटेशी. त्याच्या मागे सापडलात तर संपलं. ग्लोव्ह अंगाला लागला की नुसता हवेतून फिरला, हे त्याची पाठ दिसूच देत नाही. अंतर आणि कोन दोन्ही जमत नसतील तर सर कोन निवडायला सांगत. आणि टॅग दिसल्याबरोबर हात वर करायला त्यांची सक्त मनाई असे. आधी चेंडू ग्लोव्हमध्ये टिकलाय का ते बघ, मग आउट दे. तेवढ्यात बाहेरून ओरडा सुरू होतोच. ओरडणाऱ्यांतले बरेचसे रनरच्या पाठीमागे बसलेले असतात, त्यांना ग्लोव्ह आणि अंग यांच्यातली ती फट दिसायची कुठून?