किमोचा दिवस आणि फार्मसीची ९० मिनिटं (माझा अनुभव)

किमोच्या दिवशी निम्मा वेळ किमो चालूच नसते, नुसतं बसायचं असतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहितेय. आणि खरं सांगायचं तर त्या फार्मसीवरचा राग अजून उतरला नाहीये म्हणूनही.

माझा आजार लायोमायोसार्कोमा, म्हणजे गर्भाशयासारख्या अवयवांच्या स्नायूत होणारा कॅन्सर. फायब्रॉइड म्हणून गर्भाशय काढलं आणि पॅथॉलॉजीत हे निघालं, पुढे फुप्फुसात गाठी दिसल्या. मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये सॉफ्ट टिश्यू सार्कोमा (स्नायू, चरबी अशा मऊ भागांचे कॅन्सर) मिळून साधारण १ टक्का, त्याचे पुन्हा पन्नासच्या वर प्रकार, त्यातला माझा एक. त्यामुळे डे केअरमध्ये (किमो देतात तो वॉर्ड) जरा अनुभवी सिस्टर असल्या तरी फाइल बघून एकदा विचारतातच, "हा नक्की कशाचा कॅन्सर हो ताई?"

माझी किमोची सायकल, म्हणजे एक फेरी, २१ दिवसांची. औषधं दोन, पहिल्या दिवशी फक्त जेमसायटाबिन, आठव्या दिवशी जेमसायटाबिन आणि त्यावर डोसिटॅक्सेल. म्हणजे आठवा दिवस मोठा. त्या दिवशी तपासणीला रक्त दिलं, काउंट (रक्तपेशींचे आकडे) चांगले आले, डॉक्टरांनी ओके दिलं, पोर्टला (औषध द्यायला छातीत कातडीखाली बसवलेली डबी) सुई लागली, उलटीचं औषध गेलं, सगळं झटपट. (पोर्टवर बधिर करायचं क्रीम घरूनच तासभर आधी लावून निघायचं, तिथे जाऊन लावलं तर काही उपयोग होत नाही.)

आणि मग काहीच नाही. सलाईन टिपटिप चाललंय, औषधाची पिशवी येत नाही. बऱ्याच वेळाने सिस्टर आल्या, "ताई, फार्मसीतून फोन आलाय, तुमचं जेमसायटाबिन ९० मिनिटांत लिहिलंय, ते ३० मिनिटांत असतं ना?"

मी म्हटलं सिस्टर, माझं ९०च असतं, मागच्या वेळचा चार्ट काढून बघा. त्यांनी बघितला, त्यांना पटलं, फार्मसीला नाही पटलं. डॉक्टरांचं लेखी कन्फर्मेशन पाहिजे. डॉक्टर मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. नवरा फार्मसीच्या खिडकीवर गेला तर नातेवाइकांशी औषधाबद्दल बोलत नाही म्हणून परत पाठवला. माझ्यानंतर आलेले शेजारच्या खुर्चीतले काका किमो संपवून निघाले पण, जाताना मला म्हणतात, "अजून लागली नाही?" काय सांगणार त्यांना. त्यात डोसिटॅक्सेलसाठी आदल्या दिवसापासून डेक्सामेथासोनच्या (स्टिरॉइड) गोळ्या चालू, त्याने रात्रभर टक्क जागी आणि डोकं भणभणलेलं, त्या गोळ्यांवर माणूस तसाही कुणाशीही भांडायला तयार असतो.

आता शंका घेणं चूक नाही हे मलाही कळतं. बाकीच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये जेमसायटाबिन ३० मिनिटांतच देतात आणि वेळ वाढवला की पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स जास्त पडतात, त्यामुळे विचारलंच पाहिजे. माझ्या आजारात मुद्दाम सावकाश देतात. पेशीत शिरल्यावर या औषधाला कामाचं रूप देणारं एक एन्झाइम असतं, त्याची झेप ठरलेली, भराभर सोडलं तर जास्तीचं वाया जातं, हळू दिलं तर कामाचं औषध पेशीत जास्त साठतं. हिशोबही सोपा आहे, मिनिटाला १० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर (शरीराच्या पृष्ठभागाचं माप), माझा डोस ९०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, झाली ९० मिनिटं. हा हिशोब मी खुर्चीत बसून सिस्टरना कागदावर करून दाखवला आणि खोटं कशाला बोलू, भारी वाटलं.

माझं म्हणणं एवढंच की ऑर्डर आदल्या दिवसापासून सिस्टिममध्ये होती, मग शंका पेशंटला सुई लागल्यावरच का येते? आणि एकदा उत्तर मिळालं की ते कुठे नोंदवून का ठेवत नाहीत? आजार दुर्मिळ असला की आपली बरोबर ऑर्डरसुद्धा दर वेळी कुणाला तरी चूक वाटते.

शेवटी डॉक्टरांचा फोन लागला, दोन मिनिटांत मिटलं. पण औषध मिसळायला त्यानंतर घेतलं, म्हणजे परत थांबा. पिशवी लटकली तेव्हा हुश्श झालं, किमो लागल्याचा एवढा आनंद कुणाला होतो का!

पुढचं सगळं सरळ. जेमसायटाबिन संपलं, मग तासभर डोसिटॅक्सेल, त्या वेळी नखं वाचावीत म्हणून गार हातमोजे. बोटं बधिर होतात, पण घालाच.

त्यानंतर मी डॉक्टरांकडून ऑर्डरवरच लिहून घेतलं, वेळ मुद्दाम ९० मिनिटं ठेवलीय आणि का ते. लायोमायोसार्कोमात या जोडीचा चांगला परिणाम दाखवणारा पेपर २००२ सालचा आहे, त्याची झेरॉक्स फाइलच्या पहिल्या पानाला लावलीय. आदल्या दिवशी दुपारी डे केअरला फोन करून फार्मसीने ऑर्डर बघितली का तेही विचारते, आधी त्यांना कटकट वाटायची, आता त्याच सांगतात, "हो ताई, बघितली."

अजून एक राहिलं, पांढऱ्या पेशी वाढवायचं जे लांब टिकणारं इंजेक्शन असतं ते किमो संपल्यावर २४ तास उलटल्याशिवाय घ्यायचं नाही, त्याने हाडं दुखतात, त्यावर काय घ्यायचं ते आधीच विचारून ठेवा. आणि ताप १००.४ फॅरनहाइट झाला की रात्र असो काही असो लगेच फोन, आपल्या मनाने गोळी घेऊन ताप दाबायचा नाही. पुढच्या वेळी फार्मसीचा फोन आला नाही. रक्ताचा रिपोर्ट अडकला, पण ते परत कधीतरी.