शिव्या दिल्या लाईनले, निंगाली रॅम

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात माझा स्टुडिओ आहे, लग्नाचं शूटिंग, अल्बम, बॅनर आणि मधल्या वेळेत पोरांचे पासपोर्ट फोटो. कॉम्प्युटर जुनाच, प्रोसेसर रायझन ५ ३४००जी, मदरबोर्ड बी४५०, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. असं कार्ड नसलं की ग्राफिकचं काम रॅमवरच चालतं, म्हणून रॅम फास्ट पाहिजे, हे डोक्यात बसलं आणि तिथूनच भानगड सुरू झाली.

८ जीबी रॅमची एक स्टिक होती, मार्चमध्ये नागपूरला गेलो तेव्हा सीताबर्डीवरून दुसरी आणली. दोन्हीवर स्पीड ३२०० लिहिलेला, पण कंपनी वेगळी, टायमिंगचे (रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते त्याचे) आकडे वेगळे. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमवर लिहिलेला स्पीड चालू करणारं सेटिंग, ऑन केलं, टास्क मॅनेजरमध्ये ३२०० दिसलं, आपण खुश. (दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये १६०० दिसलं तर फसवलं म्हणून दुकानदाराला फोन लावणार होतो. डीडीआर रॅम म्हणजे एका ठोक्यात दोनदा डेटा, १६०० दुणे ३२००, हे नंतर कळलं, वाचलो.)

मे महिना लागला, पारा ४४-४५, ऐन लग्नसराई, आणि दुपारी रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची फायनल फाईल बनवायला) लावला की निळा स्क्रीन, त्यावर एरर कधी मेमरी मॅनेजमेंट तर कधी आयआरक्यूएल का काय ते. आमच्याकडे काही बिघडलं की पहिला संशय लाईनवर, मोटर जळली तरी लाईन, कूलर बसला तरी लाईन. मी पण तेच धरलं. स्टॅबिलायझर लावला, यूपीएसची बॅटरी बदलली, विंडोज नवीन टाकली, पैसे गेले, निळा स्क्रीन तिथेच. बाबा म्हणाले, "काऊन रे, दिवसभर त्या डब्ब्याले शिव्या देऊन रायला?"

डोळे उघडले ते हळदीच्या फोटोंमुळे. कॅमेऱ्याच्या कार्डवरून कॉपी केलेला नवरीच्या आत्याचा फोटो अर्धा चांगला, अर्धा नुसता करडा. कार्डात तोच फोटो धडधाकट. क्रॅश झाला की निदान कळतं तरी, हे तर गुपचूप डेटा खाणं झालं. कार्ड फॉरमॅट केलं नव्हतं म्हणून निभावलं, नाहीतर त्या आत्याने मला गावात राहू दिलं नसतं.

पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर घेतलं, रात्रभर चालवलं, एक एरर नाही. म्हटलं रॅम साफ. मग काय सुचलं कुणास ठाऊक, दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता कूलर बंद करून तीच टेस्ट लावली तर वीस मिनिटांत लाल ओळींची रांग! रॅममधला एकेक बिट म्हणजे गळका माठ, चार्ज सतत झिरपतो आणि साधारण ६४ मिलिसेकंदांत तो परत भरावा लागतो. उष्णता वाढली की झिरपणं वाढतं, त्यात स्पीड ताणलेला, म्हणजे चुकायला जागाच उरत नाही.

एक्सएमपी बंद केलं, रॅम २४०० वर १.२ व्होल्टला आली, दुपारची टेस्ट पास. म्हणजे स्टिक खराब नव्हत्या, सेटिंग झेपत नव्हती. एक्सएमपी मुळात ओव्हरक्लॉकच असतं, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त पळवणं, रॅमवाला ३२०० म्हणतो पण माझ्या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा २९३३, आणि हे मी विकत घेताना पाहिलंच नव्हतं. मग २९३३, १.३५ व्होल्ट, टायमिंग दोघींपैकी ढिल्या स्टिकचे, कमांड रेट २टी (हेही ढिलंच सेटिंग). मध्ये एकदा हाव सुटून टायमिंग घट्ट केले तर डिस्प्लेच येईना, बायोस मूळ सेटिंगवर यावं म्हणून बोर्डवरचा बटणासारखा सेल काढून पाच मिनिटं घाम पुसत बसलो. शेवटी ढिलेच ठेवले, कॅबिनेटला मागे एक फॅन वाढवला, आणि तीन दिवस भर दुपारी टेस्ट चालवली तेव्हा कुठे रेंडर लावला. ३२०० आणि २९३३ मधला फरक मला तरी कामात जाणवला नाही.

जूनपर्यंत अकरा लग्नं निघाली, एकदाही निळा स्क्रीन नाही. बाबा म्हणे, "लाईन सुधरली वाट्टे औंदा."

मी म्हटलं, हो.