बत्तीसच्या डाय जुळवताना: हिवाळ्यातल्या बाकावरची नोंद

बुल्सआय या अमेरिकन पिस्तूल नेमबाजीच्या २७०० गुणांच्या सामन्यात .२२, सेंटरफायर (प्रायमर पुंगळीच्या बुडाच्या मधोमध असलेली काडतुसं) आणि .४५ असे तीन भाग असतात, प्रत्येकी ९०० गुणांचे. सेंटरफायरसाठी .३२ किंवा त्याहून मोठं कोणतंही कॅलिबर चालतं, म्हणून इथे ओहायोत बरेच नेमबाज .४५ वरच दोन्ही भाग उरकतात. मी तो भाग .३८ स्पेशलवर खेळत आलो. या हिवाळ्यात .३२ स्मिथ अँड वेसन लाँगकडे वळतोय, आणि त्याच्या वापरलेल्या पुंगळ्या (काडतुसाचं पितळी कवच) घरीच पुन्हा भरणार आहे. त्या कामासाठी प्रेसमध्ये बसवायचे साचे म्हणजे डाय. जुनं वॉल्थर जीएसपी पिस्तूल हाती आलंय, त्याच काडतुसाचं. धक्का इतका हलका की जलद फेरीत निशाणी पुन्हा जागेवर बसायला वेळ लागत नाही.

भारतातल्या वाचकांना हे काडतूस २५ मीटर सेंटरफायरमुळे ओळखीचं असेल. २००६ च्या दोहा एशियाडमध्ये जसपाल राणानं ५९० गुणांनी जागतिक विक्रमाची बरोबरी केली ती याच प्रकारात. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये पालेंबांगला सुवर्ण मिळवलं ती २५ मीटर पिस्तूल स्पर्धा मात्र .२२ रिमफायरची. रिमफायरमध्ये प्रायमरचं, म्हणजे दारू पेटवणारं, मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं, त्यामुळे ती पुंगळी घरी पुन्हा भरायचा प्रश्नच येत नाही.

तर मुद्दा डायचा. माझ्याकडे .३२७ फेडरल मॅग्नमचा कार्बाइडचा (अतिकठीण धातूच्या रिंगचा) डाय-संच आधीपासून आहे, रिव्हॉल्व्हरसाठी घेतलेला. .३२ लाँग, .३२ एचअँडआर मॅग्नम आणि .३२७ फेडरल ही एकाच घराण्यातली काडतुसं आहेत. पुंगळीचा बुडाजवळचा व्यास तिन्हींचा ०.३३७ इंच, कड ०.३७५ इंच, शेल होल्डर (पुंगळीचं बूड धरणारा प्रेसचा तुकडा) एकच. फरक लांबीत: ०.९२० इंच, १.०७५ इंच आणि १.२०० इंच. मग नवा संच घ्यायचा, की आहे त्यातूनच भागवायचं?

संचाकडे ‘संच’ म्हणून बघणं सोडलं की हा प्रश्न सोपा होतो. डब्यावर काडतुसाचं नाव एकच असलं तरी आतल्या तीन-चार डाय वेगवेगळ्या गोष्टी बघतात. पुंगळी पुन्हा मापात आवळणाऱ्या साइझिंग डायला फक्त पुंगळीचा बाहेरचा व्यास कळतो. पुंगळीचं तोंड उघडणाऱ्या एक्सपांडरला गोळीचा व्यास कळतो. गोळी बसवणाऱ्या सीटिंग डायच्या दांड्याला गोळीच्या नाकाचा आकार कळतो. आणि तोंड गोळीवर आवळणाऱ्या क्रिम्पला पुंगळीचं तोंड नेमकं किती उंचीवर आहे ते कळावं लागतं. बदली करायची तर या चारही कामांचा हिशेब वेगवेगळा मांडायचा.

साइझिंगचा निकाल लगेच लागला. कार्बाइडची रिंग डायच्या अगदी तळाशी असते, पुंगळी तिच्यातून वर सरकते. १.२०० ची पुंगळी जिथे मावते तिथे ०.९२० ची मावणारच. डीकॅपिंग पिन (जुना प्रायमर बाहेर ढकलणारी) पुरेशी खाली येते का तेवढं पाहिलं, आली. साइझ केलेल्या पुंगळ्या जीएसपीच्या चेंबरमध्ये स्वतःच्या वजनानं खाली पडतात. इथे एक पैसाही खर्च करायची गरज नाही.

अडचण सुरू होते ती पुंगळीच्या तोंडाशी. एक्सपांडर, सीटर आणि क्रिम्प या तिन्ही डाय १.२०० इंचावरच्या तोंडासाठी कापलेल्या. माझ्या पुंगळीचं तोंड त्याच्या २८० थाऊ (इंचाचे हजारांश) खाली. डाय खाली उतरवत गेलो की ती शेल होल्डरला टेकते आणि क्रिम्पची पायरी अजून वरच राहते. नवख्यांनी हा नियम लिहून ठेवावा: आखूड काडतुसाची डाय लांब पुंगळीसाठी वर उचलता येते, लांब काडतुसाची डाय आखूड पुंगळीसाठी हव्या तितक्या खाली नेता येत नाही. थ्रेड सगळ्यांचे ७/८-१४ असतात म्हणून डाय प्रेसमध्ये बसते जरूर, पण बसणं वेगळं आणि पोहोचणं वेगळं.

म्हणूनच .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नमच्या सामाईक संचावर विश्वास ठेवता येतो. तिथे पुंगळ्या १.१५५ आणि १.२९० इंचाच्या, आणि संच आखूड .३८ ला पोहोचेल असाच बनवलेला असतो. .३५७ साठी डाय १३५ थाऊ वर घ्यायची, किंवा लॉकनटखाली तेवढ्या जाडीची रिंग टाकायची. मग दर वेळी नव्यानं सेटिंग करावं लागत नाही. .४४ स्पेशल आणि .४४ मॅग्नममध्ये हाच फरक १२५ थाऊंचा.

आता एक्सपांडर, कारण वॅडकटर (सपाट नाकाची निशाणबाजीची गोळी) भरणाऱ्याचं खरं काम इथेच आहे. .३२७ च्या संचातला प्लग ०.३१२ इंचाच्या जॅकेटेड (धातूचं आवरण असलेल्या) गोळीसाठी आहे. मला बसवायची आहे मऊ शिशाची, मागून पोकळ, ०.३१४ इंचाची वॅडकटर गोळी. ती पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसते, म्हणजे तिची जवळजवळ सगळी लांबी आत जाते. पुंगळीची भिंत बुडाकडे जाड होत जाते. आत जागा नीट उघडलेली नसेल तर तीच भिंत गोळीचा मागचा पातळ घेर आवळते, आणि गोळी नळीत शिरण्याआधीच दोन थाऊंनी बारीक होते. मग नळीत शिसं चढतं, गट (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) पसरतो, आणि माणूस दारूचं वजन बदलत बसतो. गोळी बाहेर खेचून पुन्हा मोजा. बसवण्याआधीचा आणि नंतरचा आकडा एकच आला पाहिजे.

यासाठी मी लायमन कंपनीच्या ‘एम’ डायच्या धर्तीचा दोन पायऱ्यांचा प्लग मागवलाय. पहिली पायरी पुंगळी खोलवर, सरळ उघडते, आणि दुसरी तोंडाशी गोळी उभी राहील एवढीच जागा करते. तोंडाला नुसती घंटेसारखी बाक दिली तर गोळी तिरकी बसण्याची शक्यता राहते. एक्सपांडर हा संचातला सगळ्यात दुर्लक्षित तुकडा आहे असं माझं ठाम मत आहे. ९ मिमीमध्ये ओतीव शिशाच्या गोळ्या वापरणारे अनुभवी लोक .३८ एसअँडडब्ल्यूचा जाड प्लग ९ मिमीच्या एक्सपांडर डायमध्ये घालतात, ते याच कारणासाठी. ही बदली मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

सीटिंगसाठी .३२ लाँगचीच डाय घेतली, सपाट दांड्याची. क्रिम्प वेगळ्या डायमध्ये करणार. तयार काडतुसावरून कार्बाइड रिंग फिरवणाऱ्या फॅक्टरी क्रिम्प डाय मिळतात. जॅकेटेड गोळ्यांना त्या चालतात, पण मऊ शिशाच्या जाड गोळीवर ती रिंग घासली की एक्सपांडरनं राखलेला व्यास शेवटच्या टप्प्यावर पुन्हा दाबला जातो. त्यामुळे वॅडकटरला साधी क्रिम्प डाय, आणि तीही हलक्या हातानं.

बाकीच्या बदल्या थोडक्यात, कारण त्यांच्याबद्दल विचारणा होत असते. .४० एसअँडडब्ल्यू आणि १० मिमीचा संच एकच, पुंगळ्या ०.८५० आणि ०.९९२ इंचाच्या, मात्र.४० ला लहान पिस्तूल प्रायमर आणि १० मिमीला बहुधा मोठा. .४५ एसीपीच्या डायमध्ये .४५ ऑटो रिम भरता येतं, शेल होल्डर तेवढा वेगळा. .३५७ सिगची पुंगळी मानेशी आवळलेली असते. तिचं धड आधी.४० च्या कार्बाइड डायमधून काढायचं आणि मग मान तिच्या स्वतःच्या स्टील डायमध्ये बसवायची. दोनदा हँडल ओढावं लागतं, पण स्टील डायला सगळा भार उचलावा लागत नाही.

आणि या बदल्या करू नयेत. ९ मिमीची पुंगळी निमुळती आहे, बुडाशी ०.३९१ आणि तोंडाशी ०.३८० इंच. गोळी .३८० एसीपीच्या गोळीइतकीच, ०.३५५ इंचाची, म्हणून .३८० च्या साइझिंग डायमध्ये ९ मिमी घालायचा मोह होतो. पण .३८० चं धड ०.३७४ इंचाचं असतं. बुडाशी इतकं पितळ दाबणं म्हणजे पुंगळी अडकवणं किंवा कमकुवत करणं. .४५ कोल्टचं धड ०.४८० इंच, .४५ एसीपीचं ०.४७६. तिथेही गोळी एकच, पण साइझर एक नाही.

डाय सामाईक असली तरी दारूचं प्रमाण कधीच सामाईक नसतं. सामी या काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या मर्यादेत .३२ लाँगचा कमाल दाब १५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, .३२७ फेडरलचा ४५,०००. एकाच डायमधून, एकाच बाकावर, तिप्पट दाबाची दोन काडतुसं तयार होतात. म्हणून .३२७ चं काम संपल्यावर दारूचा डबा बाकावरून उचलला जातो, मापक रिकामा होतो आणि मगच .३२ च्या पुंगळ्या बाहेर येतात. प्रमाण छापील मॅन्युअलमधून, त्याच गोळीचं आणि त्याच बसवण्याच्या खोलीचं घ्यायचं. गोळी जास्त खोल बसली की आतली जागा कमी होते आणि दाब चढतो. सपाट बसणाऱ्या वॅडकटरसाठी वेगळे आकडे छापतात ते त्यामुळेच.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला संघीय परवाना लागत नाही, विकायला बनवलं तर लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली काडतूस बनवणं परवान्याशिवाय गुन्हा आहे. तिथे प्रेस मांडू नका. पुंगळी, गोळी आणि चेंबर यांचं गणित समजून घ्यायला मात्र कुठेच आडकाठी नाही, आणि क्लबकडून मिळालेल्या काडतुसाचा गट का पसरतोय हे ओळखायला ते उपयोगी पडतं.

सध्याची स्थिती अशी: साइझर जुना, शेल होल्डर जुना, सीटर आणि क्रिम्प नवे, एक्सपांडरचा प्लग टपालात. तो आला की आधी दारू आणि प्रायमर न घालता काही नमुने बनवीन, गोळ्या खेचून व्यास मोजीन आणि मॅगझिनमधून हातानं फिरवून पाहीन. जीएसपीच्या मॅगझिनला काडतूस लांबीत जरा जास्त झालेलं चालत नाही. ही वॅडकटर मुळात २५ मीटरच्या खेळातली, त्यामुळे ५० यार्डांच्या संथ फेरीत तिचा गट काळ्या वर्तुळात राहतो का हे बर्फ वितळल्यावर टेकणीवरून तपासायचं आहे. राहिला नाही, तर सेंटरफायरला पुन्हा .३८ आणि बत्तीस फक्त २५ यार्डांच्या सरावाला.